समुद्रमाउलीचा श्वास आणि बुधीची टाच

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "शैला, चहा ठेव. उकळी यायच्या आत ब्लोअर चालू करून देतो."

हे मी तीस-पस्तीस माणसांसमोर म्हणालो, आणि मागच्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. जागा मुरबे गावची, माझ्या बहिणीचं, म्हणजे शैलाचं अंगण. श्रावणातला रविवार. एक सर येऊन गेली होती, दुसरी येणार होती. अंगणाच्या मधोमध विश्राम भावोजींची पांढरी व्हॅन नवरीसारखी सजून उभी होती. नाकावर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं बोट, उजव्या आरशाला लिंबू-मिरची. डाव्या आरशाला नव्हती, कारण डावा आरसाच नव्हता. तो का नव्हता ते पुढे सांगतो.

माणसं जमली होती ती माझ्यासाठी नाही. अकरा वाजता भाग्येश महाराज येणार होते आणि व्हॅनमध्ये समुद्रमाउलीचा श्वास घालणार होते. डॅशबोर्डच्या जाळ्यांमधून ब्लोअरची हवा येते ना, ती या व्हॅनची महिन्यापूर्वी बंद पडली होती. महाराज नारळ फोडत आणि हवा सुरू होई. एखादा दिवस चाले, परत बंद. परत नारळ. हा चमत्कार बघायला आता सातपाटीहून, पालघरहून माणसं येत होती. एका पालघरवाल्याने तर स्वतःचा बंद पडलेला मिक्सर आणला होता, जमलं तर त्यालाही फुंकर मिळावी म्हणून.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक. सतरा वर्षं पोरांना गाड्या उघडायला शिकवतोय. नाव नीलेश, पण सगळे मास्तर म्हणतात. "दादा, महाराज यायच्या आधी ये नि काय ते बघ," असा शैलाचा फोन आला, मी पेटी घेऊन आलो, आणि आल्या आल्या ते पाच मिनिटांचं वाक्य बोलून बसलो.

पहिलं मिनिट फ्यूजला. फ्यूज काढला, उजेडात धरला, सगळ्यांना दाखवला. तार शाबूत. तरी नवा घातला, कारण लोक बघत होते. काही झालं नाही. दुसरं मिनिट बटणाला. एक, दोन, तीन, चार. चारही नंबरांवर शुकशुकाट. "नुसता वेगाचा रेझिस्टर गेला असता तर चारवर तरी चालला असता," मी समजावलं. मिक्सरवाल्याने मिक्सर दुसऱ्या काखेत घेतला, बाकी कोणी हललं नाही. तिसऱ्या मिनिटाला मल्टिमीटर काढला, मोटारीपर्यंत करंट पोचतोय का ते बघायला. मीटर कोरा. "करंटच नाही," असं मी जाहीर केलं. मग लक्षात आलं की मीटरचाच सेल संपलाय.

शैलाने धावत जाऊन टीव्हीच्या रिमोटमधले सेल आणून दिले. मीटरला चौकोनी सेल लागतो. ते दोन बारीक सेल हातात घेऊन मी उभा होतो आणि आत चहा उतू गेला.

"मास्तर," मागून हेतल म्हणाली, "चहा परत ठेवला हाय. अजून पाच मिनिटं गावली तुमाला."

या व्हॅनने रोज तारापूरच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला सात बायका जातात. हेतल त्यातली एक, शैला दुसरी.

तेवढ्यात महाराज आले. मोटारसायकलवरून आले, भगवी लुंगी, काळा चष्मा, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षात अडकवलेली गाडीची किल्ली. वय पस्तिशीच्या आतलं. माझ्या हातातल्या सेलकडे बघून ते मायेने हसले.

"मास्तर, यंत्राला यंत्र लावून काय होनार? आजाऱ्याला आजारी उचलनार काय?"

लोक हसले.

"गाडी म्हंजे काय?" महाराजांनी गर्दीला विचारलं. "चार चाकं? चार चाकं तं हातगाडीला पन असतात. इंजिन? इंजिन तं पिठाच्या गिरनीला पन असतं. मग हातगाडीला गिरनी बांधली तर गाडी होते काय? नाय होत. कारन काय? श्वास नाय."

हे इतकं मुद्देसूद होतं की माझंही डोकं क्षणभर हललं.

मग विधी. उदबत्त्यांचा जुडगा घेऊन महाराज बॉनेटभोवती फिरले. काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी काळी जाळी असते, तिथे त्यांनी तीन मुठी अंगारा ठेवला. "हे कपाळ," म्हणाले. मग पुढचं डावं दार उघडून आत वाकले. पायाशी, कप्प्याच्या खाली, एक लोखंडी पट्टी असते. "ही नाभी." नारळ उचलला, डोळे मिटले, आणि पट्टीवर हाणला. एक. दोन. तिसऱ्याला नारळ फुटला, पाणी मॅटवर सांडलं, आणि डॅशबोर्डच्या आतून घर्रर्र असा आवाज आला.

हवा आली. हवेबरोबर अंगारा आला, जाळ्यांतून राखाडी ढग निघाला. आणि त्याच्यामागून वास आला. सुक्या जवळ्याचा.

"माउलीच हाय," एक म्हातारी हात जोडून म्हणाली.

"जवळ्याचा वास येतोय," मी म्हणालो.

"मग समुद्राच्या श्वासाला काय गुलाबाचा येनार?" महाराज म्हणाले. अंगारा माझ्या नाकात गेला होता. मी सात वेळा शिंकलो. शिंका मोजून एकाने त्याचाही अर्थ लावला.

शैला मला घराच्या मागे माडाखाली घेऊन गेली.

"दादा, डावा आरसा कुठं गेला म्हायत हाय? शुक्रवारी खाडीच्या पुलावर गेला. काच धुकली, यांना दिसेना, गाडी कठड्याला घासली. आरसा खाडीत. आमी सात जनी आत. हातभर अजून डावीकडं गेलो असतो तर आरशाबरोबर आमी पन."

पावसात बंद गाडीत ओली माणसं बसली की काचेवर आतून वाफ धरते. ती घालवायला ब्लोअरचीच हवा लागते. पहाटे, पावसात, पुलावर.

"मग मोटार बदलू."

"हे उघडू देत नाय. महाराजांनी सांगितलंय, गाडीचं पोट उघडलं तर श्वास समुद्रात परत जाईल. मी काय बोलू? मी बोलले तर म्हंतात, तुझा दादा पाच मिनिटांत करनार होता ना."

भावोजींशी बोलून बघितलं. भावोजी वाईट माणूस नाही, अडाणीही नाही. बारावी शिकलेत, गाडीचा विमा मुदतीआधी भरतात.

"मास्तर, तुमचं खरं असंल," ते म्हणाले. "पन मी डोळ्यांनी काय बघतोय? तुमी आलात, हवा नाय आली. ते आले, आली. मी कुनाचं ऐकू?"

पुरावा म्हणतात तो हाच. फक्त तो चुकीच्या माणसाच्या बाजूने होता.

सोमवारी मी रजा टाकली आणि पहाटे व्हॅनमध्ये बसलो. मागे बसलो, कारण पुढची डावी सीट माउलीची होती. तिच्यावर लाल फडकं घालून एक नारळ ठेवला होता आणि त्याला पट्टा लावला होता. सात बायकांना पट्टे नव्हते.

गावाबाहेर पडेपर्यंत हवा चालली. पुलाच्या अलीकडे घर्रर्र बारीक झालं आणि थांबलं.

"माउलीला सोमवारचा उपास," हेतल म्हणाली. कोणी हसलं नाही. काच खालून वर पांढरी होत गेली, दुधावर साय धरते तशी. भावोजींनी वर्तमानपत्राने पुसली. पुसली तेवढी जागा पुन्हा धुकली. हेतलने ओढणी दिली, ओढणी आधीच ओली होती. भावोजींनी उजवी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. पाऊस डोळ्यांत गेला, डोकं परत आत घेतलं.

"बायांनो," ते म्हणाले, "पूल आला. श्वास धरा."

मला वाटलं चेष्टा आहे. पण सातही जणींनी गाल फुगवून तोंडं मिटली. शैलाने माझ्याकडे बघून खूण केली, तूही धर. त्यांचं बरोबरच होतं, वाफ श्वासानेच धरते. सात कामगार बायका आणि एक सरकारी निदेशक श्वास कोंडून पुलावरून चाललो होतो. दोन्हीकडे पाणी असेल असा अंदाज होता. दिसत काहीच नव्हतं. शैलाचा हात माझ्या मनगटावर होता आणि नखं रुतली होती.

पूल संपल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि उरलेली काचही गेली.

"पूल वलांडला, आता माउली परत येते," भावोजी म्हणाले. "खाडीवर ती थांबते. रोजचं हाय. मी बघून ठेवलंय."

पुढे पाड्याच्या फाट्यावर बुधी उभी होती. वारली बाई, साठीची, रोज काकडी-शिराळी घेऊन बोईसरच्या बाजारात जाते. तिने दार उघडलं, माउलीचा पट्टा सोडला, नारळ मागे हेतलच्या मांडीवर दिला आणि पुढे बसली. बुधीला कोण सांगणार? टोपली पायात ओढली, टाच खाली दोनदा आपटली.

घर्रर्र.

"आली," भावोजी म्हणाले आणि एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावला.

काच खालून वर स्वच्छ होत गेली. मी मागून बुधीच्या टाचेकडे बघत होतो. त्या टाचेच्या अगदी शेजारी ती लोखंडी पट्टी होती. पट्टीच्या मागे ब्लोअरची मोटार. हे चित्र मी फळ्यावर सतरा वर्षं काढतोय.

बोईसरला बायका पुढे कंपनीत गेल्या. मी बुधीबरोबर बाजारात उतरलो.

"बुधीबाय, तू टाच का आपटतेस?"

"पायाला चिखल असतो, तो झाडाया. पयल्या दिशी झाडला तं हवा आली. मंग रोज आपटते. दोनदा आपटली का येते."

"रोज?"

"महिना झाला."

"मग सांगितलं नाहीस कोणाला?"

"कोनी इचारलं नाय." तिने शिराळ्यांवर पाणी मारलं. "न तो बोवा नारळ फोडतो, खोबरं वाटतो. लोक खातात. मी कशाला बोलू? तू शिराळी घेतो का?"

मी दोन किलो शिराळी घेतली.

मग गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या भय्याने गाडीचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि खोकं काढायला आत जाता जाता म्हणाला, "ठोकने से चलती है क्या?"

"चलती है."

"तो कार्बन गया. मच्छी के गाँव की गाड़ी है, हर साल दो-चार आती हैं."

मोटारीत फिरणाऱ्या भागाला करंट पोचवायला कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना कार्बन म्हणतात. झिजून आखूड झाले की टेकत नाहीत. टेकले नाहीत की मोटार मेली. दणका दिला की सरकतात, टेकतात, थोडा वेळ चालतात. हे मी पोरांना दुसऱ्या सहामाहीत शिकवतो. परीक्षेला येतं. भर अंगणात मला आठवलं नाही आणि काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाठ फिरवून आत जाता जाता ते विचारलं.

मंगळवारी संध्याकाळी व्हॅन मठात न्यायची असते. मठ म्हणजे सुरूच्या बनाजवळ पत्र्याची शेड. मी नवी मोटार पिशवीत घेऊन गेलो, मीटरला नवा सेल घातला, आणि बुधीला बरोबर नेलं. शंभरेक माणसं होती. मिक्सरवालाही होता.

"महाराज," मी म्हणालो, "आज नारळ मागच्या बंपरवर फोडा. माउली गाडीभर आहे ना?"

"मास्तर," महाराज दुःखी होऊन म्हणाले, "तुमी श्वास नाकानं घेता का बसायच्या जागेनं?"

शंभर माणसं हसली. मीही थोडा हसलो, नाइलाज होता.

"ठीक आहे. मग नारळ नकोच. बुधीबाय, बस पुढे."

बुधी बसली. मी बटण चारवर ठेवलं. हवा नव्हती, सगळ्यांनी जाळ्यांपुढे हात धरून खात्री केली. मीटर लावला. बारा व्होल्ट. करंट येतोय, मोटार चालत नाही. मीटरचा आकडा मी पुढच्या रांगेला वाचायला लावला.

"आपट," मी म्हणालो.

बुधीने टाच आपटली. दोनदा. घर्रर्र.

मला वाटलं झालं, संपलं. मी तोंड उघडलं, पुढचं वाक्य तयार होतं.

"बघितलंत?" महाराज माझ्या आधी बोलले. आवाज भरून आला होता. "महिनाभर मी मागत व्हतो, माउली, कुनाच्या तरी रूपानं ये. आली. पायानं आली. या बायच्या टाचेत माउली हाय."

माणसं बुधीच्या पायांवर पडायला लागली.

मी ओरडत राहिलो, कार्बन, कार्बन. म्हाताऱ्या बुधीची टाच कपाळाला लावत होत्या. कोणी हळद आणली. मिक्सरवाल्याने मिक्सर तिच्या पायाखाली सरकवला.

"पाय सोडा," बुधी म्हणत होती. "मी चिखल झाडत व्हते. ए बाबा, भांडं काढ, पाय कापंल. मना शेवटची गाडी धरायचीय."

महाराजांनी माझ्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यातून कळत नाही, पण मला वाटतं त्यांनी डोळा मारला.

त्या दिवशी मी एवढंच करू शकलो. पुढचं शैलाने केलं.

ती माझ्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन व्हॅनच्या दारात गेली. म्हणाली, "बुधीबाय, जरा उतर." मग नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"उद्या सकाळी मी पुलावरनं श्वास धरून जानार नाय. पोट उघडायचं नसंल तर तुमी नारळ घेऊन जावा. मी चालत जाते."

"मी पन," हेतल म्हणाली. "नारळाला पट्टा लावा, न विसरता."

बाकीच्या पाच जणी नुसत्या शैलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

भावोजी महाराजांकडे बघत होते, मग व्हॅनकडे, मग जिथे डावा आरसा असायचा त्या जागेकडे. शेवटी त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली आणि चावी शैलाच्या हातात दिली.

"श्वास जाईल," महाराज म्हणाले.

"जाऊ दे. परत आनू," शैला म्हणाली.

प्लग काढायचा, तीन स्क्रू, मोटार खाली येते. एवढंच असतं. शैलाने स्क्रू काढले, मी खाली हात धरला. मोटार आली आणि तिच्यामागून ओंजळभर जवळा माझ्या मांडीवर पडला.

उन्हाळाभर भावोजी व्हॅन मासळी वाळवायच्या खळ्याशेजारी लावतात, कारण सावली तिथेच. खळ्यावर जवळा वाळत असतो. वारा सुटला की तो उडतो आणि काचेखालच्या काळ्या जाळीतून आत जातो, कारण ब्लोअर बाहेरची हवा घेतो तीच त्या जाळीतून. त्याच जाळीवर महाराज अंगारा ठेवत. जवळ्याखाली तोही निघाला, महिन्याभराचा, ओला होऊन लापशी झालेला. मी तो सगळा ऐवज वर्तमानपत्रावर पसरला. रविवारच्या म्हातारीने वाकून वास घेतला.

"माउलीचा नाय," ती म्हणाली. "आपल्या खळ्याचाच हाय."

मोटार उघडून कार्बन दाखवले. शिसपेन्सिलीचं शेवटचं टोक उरतं, एवढे उरले होते. लोकांनी हातोहात फिरवले. तेवढ्यात हेतलने विचारलं, अगदी सहज, "महाराज, तुमी पयले बोईसरला गाड्यांचे एसी बसवायच्या दुकानात व्हता ना? माझ्या भावाच्या गाडीचं सीटकव्हर तुमीच घातलं."

महाराज म्हणाले, तो त्यांचा पूर्वाश्रम.

नवी मोटार मी बसवली. तिन्ही स्क्रू आवळले, शैलाने चावी फिरवली. महाराज म्हणाले, श्वासाची परीक्षा मी करणार, आणि काचेखालच्या जाळीवर तीन मुठी अंगारा ठेवून पुढच्या डाव्या सीटवर जाळीसमोर तोंड नेऊन बसले. "मास्तर, तुमचं यंत्र दाखवा."

मी बटण चारवर केलं.

काही झालं नाही.

तीन केलं. दोन केलं. परत चार. भावोजींनी डोळे मिटले. महाराजांचा हात हळूहळू नारळाकडे गेला. रेझिस्टर, रिले, अर्थिंग, सगळं डोक्यातून गेलं.

"दादा," शैला खाली वाकून म्हणाली, "प्लग लावायचा राहिला."

तिने लावला. टक्.

बटण चारवरच होतं. नवी मोटार पूर्ण जोरात सुटली. काचेखालच्या जाळीवर महाराजांनी नुकताच ठेवलेला ताजा अंगारा होता. तो सगळा आत ओढला गेला आणि त्यांच्या तोंडावर आला. चष्मा पांढरा झाला. ते शिंकले. मी मोजल्या, अकरा.

अंगारा कुठून येतो हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. भावोजींनी समोरच्या काचेवर भरपूर श्वास सोडला. वाफ धरली. मग ब्लोअरने ती खालून वर पुसत नेली. त्यांनी तीनदा करून बघितलं.

"दिसतंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. अंगाराही असेल.

लोक मात्र जरा नाराज दिसले. "वास नाय येत," म्हातारी म्हणाली. मिक्सरवाल्याने मिक्सर माझ्यापुढे धरला. मी उघडला. त्याचेही कार्बनच गेले होते.

तर बाबांनो, म्हणणं एवढंच आहे. नारळ फोडा, खोबरं खा, कोणाची ना नाही. पण बंद पडलेली वस्तू चालली की लगेच हात जोडू नका. आधी विचारा, नक्की काय केल्यावर चालली? नारळाने की दणक्याने? नारळ ठेवून नुसता दणका देऊन बघा, दणका न देता नुसता नारळ ठेवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. याला शाळा लागत नाही. बुधी कधी शाळेत गेली नाही, तिला महिनाभर माहीत होतं. तिला विचारा. पुढच्या सीटवर जो बसतो त्याला आधी विचारा. आणि मास्तर आला तर प्लग लावलाय का तेही बघा.

बुधवारी आणि गुरुवारी बायका बोलत, हसत पुलावरून गेल्या. हेतलने पुलावर मुद्दाम गाणं म्हटलं. शैलाने मला फोन करून ते ऐकवलं.

आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिच्यावर नारळ वाढवतात. जाळं असो, होडीचं इंजिन असो, कपाट असो. शुक्रवारी सकाळी भावोजींनी आंघोळ केली आणि नव्या मोटारीसाठी नारळ घेतला. महाराजांवरचा विश्वास उडाला होता, म्हणून त्यांची पट्टी टाळली. नारळ थेट मोटारीवर हाणला. मोटारीचं प्लास्टिकचं घर तडकलं आणि पंखा अडकला. पाऊस होता. पुलाच्या अलीकडे काच धुकली आणि बायकांनी श्वास धरला. फाट्यावर बुधी चढली, तिने टाच दोनदा आपटली. काही झालं नाही.